तंबाखूच्या विषाने दाखवलेली वाट

केंब्रिज विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत १८८९ साली एक प्रयोग झाला. भूल दिलेल्या सशाच्या मानेतील मज्जातंतूंची एक छोटीशी गाठ उघडी करण्यात आली आणि तिच्यावर बारीक कुंचल्याने निकोटिनचे सौम्य द्रावण लावण्यात आले. या गाठीकडे येणाऱ्या तंतूला विजेचा हलका धक्का दिला, की एरवी सशाच्या डोळ्याची बाहुली विस्फारते आणि कानातील रक्तवाहिन्या आकसतात. निकोटिन लावल्यानंतर मात्र तसे काहीच घडेना. मग धक्का गाठीच्या पलीकडे, म्हणजे गाठीतून निघून डोळ्याकडे व कानाकडे जाणाऱ्या तंतूंना देण्यात आला. परिणाम पूर्वीसारखाच झाला. याचा अर्थ स्पष्ट होता. निकोटिनने तंतू निकामी केले नव्हते. गाठीच्या आत एका चेतापेशीकडून दुसऱ्या चेतापेशीकडे निरोप जातो, तेवढीच जागा बंद पाडली होती.

हा प्रयोग करणारे जॉन न्यूपोर्ट लँगली तेव्हा पस्तिशी ओलांडलेले व्याख्याते होते. त्यांचे सहकारी होते विल्यम ली डिकिन्सन. तंबाखूतील या विषाची चिमूट हाती धरून लँगली यांनी पुढील अनेक वर्षे शरीरातील अदृश्य मज्जातंतूंचा नकाशा रेखाटला आणि अखेरीस अशी एक कल्पना मांडली, की जिच्याशिवाय आजचे औषधशास्त्र उभेच राहू शकले नसते. औषध असो वा विष, त्याचा परिणाम होण्यासाठी पेशीपाशी ते स्वीकारणारे काहीतरी असावे लागते, ही ती कल्पना. आज आपण त्याला रिसेप्टर, मराठीत ग्राही, म्हणतो. सिगारेट सुटता का सुटत नाही आणि उतारवयात स्मरणशक्ती का दगा देते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या संशोधकांना आजही याच ग्राहींच्या दारात यावे लागते. हे दार शोधणाऱ्या माणसाला मात्र त्याच्या हयातीत ते प्रत्यक्ष पाहता आले नाही.

सनदी सेवेकडून प्रयोगशाळेकडे

लँगली यांचा जन्म २ नोव्हेंबर १८५२ रोजी इंग्लंडमधील न्यूबरी या गावी झाला. वडील शाळामास्तर होते. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले आणि नंतर मामा मुख्याध्यापक असलेल्या एक्सेटर येथील शाळेत. १८७१ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले, ते गणित आणि इतिहास शिकण्यासाठी. पुढे सनदी सेवेत जावे, असा विचार होता. त्या काळी अशा तरुणांपैकी अनेकांची वाट हिंदुस्थानातील कलेक्टर-कमिशनरच्या खुर्चीपर्यंत जात असे. लँगली यांचीही कदाचित गेली असती.

तसे घडले नाही, याचे श्रेय मायकेल फॉस्टर यांना द्यावे लागेल. शरीरक्रियाशास्त्र हा विषय इंग्लंडमध्ये तोवर वैद्यकाचे एक उपांग मानला जात होता. फॉस्टर यांनी केंब्रिजमध्ये त्याला स्वतंत्र विद्येचा दर्जा मिळवून दिला. विद्यार्थ्याला केवळ व्याख्याने न देता त्याच्या हाती उपकरणे द्यायची, ही त्यांची पद्धत होती. १८७३ मध्ये लँगली यांनी आपला मार्ग बदलला आणि पुढच्याच वर्षी निसर्गविज्ञानाच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवला.

१८७५ मध्ये फॉस्टर यांनी आपल्या या शिष्याच्या हाती एका वनस्पतीचा थोडासा अर्क ठेवला. ब्राझीलमधून नुकतीच युरोपात पोहोचलेली ही वनस्पती म्हणजे जाबोरांडी. तिच्या सेवनाने तोंडाला भरभरून लाळ सुटते आणि घामाच्या धारा लागतात, एवढे ठाऊक होते. तिचा हृदयावर काय परिणाम होतो, हे लँगली यांनी शोधायचे होते. गुरूने सहज सोपवलेल्या या कामाने शिष्याच्या आयुष्याची दिशा ठरवून टाकली.

जाबोरांडीतील मुख्य द्रव्य म्हणजे पायलोकार्पिन. त्याच्या अगदी उलट काम करणारे द्रव्यही ठाऊक होते. बेलाडोना या विषारी वनस्पतीतील ॲट्रोपिन तोंडाला कोरड पाडते. लँगली यांनी लाळग्रंथींवर ही दोन्ही द्रव्ये आलटून पालटून वापरली. पायलोकार्पिनने सुरू झालेला लाळेचा स्राव ॲट्रोपिन थांबवत होते. पायलोकार्पिनची मात्रा वाढवली, की तो पुन्हा सुरू करता येत होता. कोणाचे चालणार, हे दोघांच्या प्रमाणावर अवलंबून होते. जणू एकाच आसनासाठी दोन दावेदार झगडत होते.

मग ते आसन कोणते? १८७८ मधील आपल्या निबंधात पंचविशीतील लँगली यांनी सावधपणे लिहून ठेवले, की ग्रंथीच्या पेशीत किंवा मज्जातंतूच्या टोकाशी असा एखादा पदार्थ असावा, ज्याच्याशी ही दोन्ही द्रव्ये संयोग पावतात. ग्राहीच्या कल्पनेचे बीज इथे पडले. पण लँगली यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. पुराव्याविना कल्पनेला पंख फुटू द्यायचे नाहीत, हा त्यांचा स्वभाव होता. हे बीज त्यांनी तब्बल २७ वर्षे मनात जपले.

निकोटिनचा नकाशा

मधल्या काळात कामाला खंड नव्हता. १८७७ मध्ये त्यांना ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मिळाली. त्याच सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे नामवंत शास्त्रज्ञ क्यूने यांच्याकडे त्यांनी काही काळ काम केले. याच गावात १८२८ मध्ये पोसेल्ट आणि रायमान यांनी तंबाखूतून निकोटिन प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते, हा एक योगायोग. पुढे सुमारे पंधरा वर्षे लँगली ग्रंथींच्या अभ्यासात गढून गेले. जिवंत ग्रंथीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, विश्रांतीच्या वेळी त्यात कण कसे साठतात आणि स्रावाच्या वेळी ते कसे बाहेर टाकले जातात, हे त्यांनी दाखवले. १८८३ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, ते याच कामामुळे.

मेंदूशीही त्यांचा एकदा थेट संबंध आला. १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत मोठा वाद रंगला. मेंदूच्या प्रत्येक भागाला ठराविक काम नेमून दिलेले असते काय, हा वादाचा विषय होता. स्ट्रासबर्गचे गोल्ट्झ तसे मानत नव्हते. मेंदूचा मोठा भाग काढल्यानंतरही हिंडणारा-फिरणारा कुत्रा त्यांनी परिषदेपुढे उभा केला. नंतर त्या कुत्र्याचा मेंदू ज्यांच्याकडे तपासणीसाठी देण्यात आला, त्यांत लँगली होते. या कामात त्यांच्या हाताखाली एक तरुण विद्यार्थी होता, चार्ल्स शेरिंग्टन. या दोघांनी मिळून १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध हा शेरिंग्टन यांचा पहिला शोधनिबंध. पुढे दोन चेतापेशींमधील सांध्याला 'सिनॅप्स' हे नाव शेरिंग्टन यांनीच दिले आणि १९३२ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळवले.

त्यानंतर आला १८८९ चा तो निकोटिनचा प्रयोग. त्याचे मोल समजण्यासाठी तेव्हाची अडचण लक्षात घ्यायला हवी. हृदय, आतडी, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, डोळ्याची बाहुली यांचे काम आपल्या इच्छेवाचून चालते. त्यांच्याकडे जाणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यातून निघतात, वाटेत अनेक गाठींतून जातात आणि मग इष्ट स्थळी पोहोचतात. कोणता तंतू कोणत्या गाठीत थांबतो आणि कोणता नुसताच आरपार निघून जातो, हे डोळ्यांनी पाहून कळत नव्हते. पोस्टाच्या जाळ्यातील टपाल कोणत्या कचेरीत उतरते, हे थैली बाहेरून पाहून ओळखण्यासारखेच ते होते.

निकोटिनने हे कोडे सोडवले. एकेका गाठीवर कुंचला फिरवायचा आणि निरोप अडतो का ते पाहायचे. अडला, तर तो तंतू त्या गाठीतील पेशीपाशी संपतो. अडला नाही, तर तो पुढे जातो. मांजर, ससा, कुत्रा अशा प्राण्यांवर, गाठीमागून गाठ, वर्षामागून वर्ष हे काम चालले. १८९८ मध्ये या साऱ्या व्यवस्थेला लँगली यांनी 'ऑटोनॉमिक', म्हणजे स्वायत्त चेतासंस्था, हे नाव दिले. तिच्या एका शाखेसाठी 'पॅरासिंपथेटिक' हा शब्दही त्यांचाच. आज रक्तदाबाच्या गोळीपासून भूलशास्त्रापर्यंत कोणत्याही चर्चेत डॉक्टर हे शब्द सहज उच्चारतात. ते कोणी घडवले, हे फार थोड्यांना आठवते.

कठोर संपादक

लँगली यांचा दरारा प्रयोगशाळेबाहेरही होता. फॉस्टर यांनी १८७८ मध्ये सुरू केलेले 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी' हे नियतकालिक १८९४ पर्यंत आर्थिक अडचणीत सापडले होते. लँगली यांनी ते विकत घेतले, त्याचे देणे अंगावर घेतले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे ३१ वर्षे, ते चालवले. संपादक म्हणून ते निष्ठुर होते. पाल्हाळ त्यांना खपत नसे. आलेले निबंध ते ओळ न् ओळ तपासत, निम्मा मजकूर छाटत आणि प्रसंगी सारेच नव्याने लिहून काढत. अनेक नामवंत लेखक त्यामुळे दुखावले गेले. मात्र शरीरक्रियाशास्त्राचा निबंध नेमका आणि आटोपशीर कसा असावा, याचा वस्तुपाठ या नियतकालिकाने जगाला दिला, हेही तितकेच खरे.

स्वभावाने ते अलिप्त वाटत. विद्यार्थ्यांशी मोजके बोलत. पण हिवाळ्यात पाणी गोठले, की हाच माणूस बर्फावर डौलदार वळणे घेत स्केटिंग करताना दिसे. या खेळात ते निष्णात मानले जात. टेनिस आणि बागकाम यांचाही त्यांना नाद होता. १९०२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी व्हेरा फोर्साइथ-ग्रँट यांच्याशी विवाह केला. या दांपत्याला एक कन्या झाली. १९०३ मध्ये फॉस्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी लँगली केंब्रिजच्या शरीरक्रियाशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले.

कोंबडीच्या पायातील उत्तर

इतरांच्या लेखातील अटकळींना कात्री लावणाऱ्या या संपादकाने १९०५ मध्ये स्वतः एक धाडसी कल्पना मांडली. तिचा आधार होता कोंबडीच्या पायाचा स्नायू. भूल दिलेल्या कोंबडीच्या रक्तात निकोटिन सोडले, की तिचे पाय हळूहळू ताठ होत जात. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला लावतात ते क्युरारे हे विष त्यानंतर दिले, की तो ताठरपणा ओसरे. निकोटिन अधिक दिले, की पुन्हा येई. तीस वर्षांपूर्वी लाळग्रंथीत पाहिलेला तोच झगडा इथे पुन्हा दिसत होता.

त्या काळी बहुतेकांचे मत होते, की क्युरारे आणि निकोटिन ही द्रव्ये मज्जातंतूच्या टोकावर काम करतात. लँगली यांनी ते तपासण्यासाठी स्नायूकडे जाणारा मज्जातंतू कापला आणि त्याची टोके पूर्णपणे नष्ट होईपर्यंत वाट पाहिली. मग निकोटिन दिले. स्नायू आकसला. क्युरारे दिले. तो सैल पडला. मज्जातंतूचे टोक उरलेलेच नव्हते, तर विषे काम करत होती ती कोणावर? स्नायूपेशीवरच. पण आणखी एक गोष्ट उरली होती. क्युरारेने सैल पडलेल्या स्नायूला थेट विजेचा धक्का दिला, तर तो आकसत होता. म्हणजे आकुंचनाचे यंत्र शाबूत होते. विषांची लढाई ना मज्जातंतूत होती, ना त्या यंत्रात. ती पेशीतील तिसऱ्याच कशावर तरी चालली होती.

या तिसऱ्या गोष्टीला लँगली यांनी ग्रहणशील पदार्थ असे नाव दिले. निरोप प्रथम हा पदार्थ घेतो आणि मग पेशीच्या यंत्रणेकडे पोहोचवतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०६ मध्ये रॉयल सोसायटीपुढील मानाच्या क्रूनियन व्याख्यानात त्यांनी तो विस्ताराने मांडला. पुढे बेडकाच्या स्नायूवर निकोटिनचे थेंब ठिकठिकाणी लावून, जिथे मज्जातंतू येऊन मिळतो नेमकी तीच जागा अतिसौम्य द्रावणालाही प्रतिसाद देते, हेही त्यांनी दाखवले. हा पदार्थ पेशीवर सर्वत्र पसरलेला नसून एका जागी एकवटलेला आहे, याची ती खूण होती.

जर्मनीत पॉल एर्लिख यांनी रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून जवळपास अशीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. औषधांनाही ती लागू पडते, हे एर्लिख यांनी लँगली यांच्या कामानंतर, १९०७ च्या सुमारास मान्य केले. केंब्रिजच्या प्रयोगशाळेतच ए. व्ही. हिल या तरुणाने १९०९ मध्ये निकोटिन आणि स्नायूतील या पदार्थाचा संयोग गणिताच्या समीकरणात बांधला. तरीही अनेक समकालीनांना ही कल्पना पटली नाही. जो पदार्थ कोणी पाहिलेला नाही, वेगळा काढलेला नाही, त्याचे अस्तित्व केवळ तर्काने कसे मानायचे, हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप गैरवाजवी नव्हता. लँगली यांनी इतरांच्या लेखांवर हाच निकष लावला असता.

१९१४ मध्ये केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राची नवी प्रशस्त प्रयोगशाळा उभी राहिली. १९२१ मध्ये स्वायत्त चेतासंस्थेवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. दुसरा भाग कधीच आला नाही. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. ५ नोव्हेंबर १९२५ रोजी, वयाची ७३ वर्षे पूर्ण झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, न्यूमोनियाने केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. तोवर ते प्राध्यापकपदावर होते आणि नियतकालिकाचे संपादनही करत होते.

अदृश्य ते दृश्य

त्यांच्या मागे ही कल्पना एकेक पाऊल पुढे गेली. १९२६ मध्ये ए. जे. क्लार्क यांनी औषधाची मात्रा आणि पेशीचा प्रतिसाद यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. मज्जातंतू निरोप पोहोचवण्यासाठी ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडतात, हे दाखवल्याबद्दल ओटो लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ मध्ये नोबेल मिळाले. निकोटिन हे या ॲसिटिलकोलिनचे सोंग घेते, हे कोडे त्यातून उलगडले. १९६३ मध्ये तैवानमधील दोन संशोधकांनी मण्यार जातीच्या सापाच्या विषातून ग्राहीला घट्ट चिकटणारा एक घटक वेगळा केला. १९७० मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शाँजे यांनी त्याच विषाचा गळ टाकून विद्युत-ईल या माशाच्या अवयवातून ग्राही बाहेर काढला. लँगली यांच्या ग्रहणशील पदार्थाला अखेर देह मिळाला होता. तो होता पाच घटकांनी वर्तुळाकार वेढलेला, मधे छिद्र असलेला प्रथिनाचा रेणू. ॲसिटिलकोलिन किंवा निकोटिन चिकटले, की हे छिद्र उघडते आणि विद्युतभारित कण पेशीत शिरतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेंदूतील अशा ग्राहींची जनुकेही हाती लागली. शास्त्रज्ञांनी त्यांना नाव दिले निकोटिनिक रिसेप्टर. ज्या विषाने त्यांचा माग लागला, त्याचेच नाव त्यांना चिकटले.

लँगली यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. निकोटिन आधी गाठीला उत्तेजित करते आणि मग ती बधिर करते. सिगारेटच्या व्यसनाच्या मुळाशी हेच दुहेरी वर्तन आहे. ॲसिटिलकोलिन आपले काम होताच क्षणार्धात नष्ट होते. निकोटिन तसे होत नाही. ते मेंदूत रेंगाळते. सतत चेतवलेले ग्राही थकून बधिर होतात. त्यावर मेंदूचा प्रतिसाद अनपेक्षित असतो. तो ग्राहींची संख्या वाढवतो. हे प्राण्यांमध्ये १९८३ मध्ये आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या मरणोत्तर मेंदू तपासणीत १९८८ मध्ये आढळले. रात्रभर निकोटिन न मिळाल्याने हे वाढलेले ग्राही पुन्हा जागे होतात. सकाळच्या पहिल्या सिगारेटची ओढ एवढी तीव्र का असते, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळते. २००६ मधील मेंदूच्या छायाचित्रणात असे दिसले, की एका सिगारेटने मेंदूतील मुख्य प्रकारचे निकोटिनिक ग्राही जवळपास सगळे व्यापले जातात.

हे केवळ सिगारेटपुरते नाही. महाराष्ट्रात तंबाखूला चुना लावून तो मळण्याची, दाढेखाली धरण्याची आणि मिश्री लावण्याची सवय जुनी आहे. चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने शोषले जाते. धूर नसला, तरी ते पोहोचते मेंदूतील त्याच दारापाशी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील सुमारे २७ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसून आले होते.

उतारवयात याच्या उलट घडते. वय वाढते तसे मेंदूच्या बाह्यकातील आणि स्मरणाशी निगडित भागांतील निकोटिनिक ग्राही कमी होत जातात. अल्झायमरच्या रुग्णांत ही घट फार मोठी असते, हे १९८६ पासून ठाऊक आहे. या रुग्णांना दिली जाणारी डोनेपेझिलसारखी औषधे ॲसिटिलकोलिन लवकर नष्ट होऊ देत नाहीत. ग्राही थोडे उरले, तर निदान निरोप तरी अधिक काळ टिकावा, हा त्यामागील विचार.

यातून एक मोहक गैरसमज मात्र जन्माला आला. निकोटिनने ग्राही वाढत असतील, तर तंबाखू म्हाताऱ्या मेंदूला तारक ठरेल, असा. पूर्वीच्या काही सदोष अभ्यासांनी त्याला बळही दिले. नंतरच्या काटेकोर, दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांनी तो खोडून काढला. धूम्रपानाने रक्तवाहिन्या बिघडतात आणि स्मृतिभ्रंशाचा धोका कमी न होता वाढतो. निकोटिनचा औषध म्हणून विचार वेगळा आणि तोही मर्यादित आहे. २०१२ मध्ये, सौम्य विस्मरण असलेल्या, पण धूम्रपान न करणाऱ्या ७४ जणांवर सहा महिने निकोटिनच्या चिकटपट्टीची चाचणी झाली. लक्ष केंद्रित करण्याच्या क्षमतेत थोडी सुधारणा दिसली, पण डॉक्टरांच्या एकंदर मूल्यमापनात ठळक फरक पडला नाही. एवढ्या पुराव्यावर लँगली यांनी तरी आपल्या नियतकालिकात मोठा दावा छापू दिला नसता.

व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी मात्र या संशोधनाने एक भक्कम दिलासा दिला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूतील वाढलेले ग्राही सहा ते बारा आठवड्यांत धूम्रपान न करणाऱ्यांच्या पातळीवर आल्याचे आढळले. पहिले काही आठवडे जिवावर का येतात आणि ते निभावले तर पुढची वाट सुकर का होते, याचा हिशेब इथे मिळतो. ती केवळ मनोधैर्याची परीक्षा नसते. पेशीपेशींवरील रेणूंची संख्या पूर्ववत होण्यास लागणारा तो अवधी असतो.

लँगली यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीकडून ते नियतकालिक १९२६ मध्ये ब्रिटनच्या फिजिऑलॉजिकल सोसायटीने घेतले. ते आजही निघते. ग्राहींवरील शोधनिबंध त्यात छापले जातात आणि त्यांच्या लेखकांना आता या पदार्थाचे अस्तित्व सिद्ध करावे लागत नाही. एकेकाळी कोंबडीच्या ताठरलेल्या पायाकडे पाहत लँगली यांनी केलेला तो तर्क आता पाठ्यपुस्तकाचे पहिले पान झाला आहे.